बाळ गेल्यानंतरचे दिवस आणि ख्रिस्ती काउन्सेलिंग, माझा अनुभव

ख्रिस्ती काउन्सेलिंग म्हटलं की आमच्याच मंडळीतल्या (म्हणजे चर्चमधल्या) निम्म्या लोकांना वाटतं डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात आणि सैतान घालवतात, आणि उरलेल्यांना वाटतं पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, समोर बसवून उपदेश करतात. मी ह्या दोन्हीतून गेले आणि त्यानंतर तिसरीकडे पोचले, जिथे मला खरंच बरं वाटायला लागलं, म्हणून सविस्तर लिहितेय. विषय बाळ जाण्याचा आहे, ज्यांच्या घरात असं झालंय त्यांनी आपापल्या मनाच्या तयारीने वाचा, मध्येच थांबलात तरी चालेल.

मी नर्स आहे, नोकरी पुण्यात, माहेर सासर दोन्ही नगर जिल्ह्यातलं (कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच येतं). अमेरिकन मराठी मिशनने 1831 साली नगरला ठाणं मांडलं, आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मिशनची शाळा, मिशनचं हॉस्पिटल, संध्याकाळी जेवणाआधी ना. वा. टिळकांची ख्रिस्ती गीतं, हे सगळं होतं. म्हणजे श्रद्धा मला बाहेरून आणावी लागली नाही, ती होतीच, आणि म्हणूनच जेव्हा ती हलली तेव्हा पायाखालचं सगळंच हललं.

आमचं पहिलं बाळ, मुलगी, आठव्या महिन्यात पोटातच गेली. सोनोग्राफीच्या खोलीत डॉक्टर काही बोलायच्या आधी मला स्क्रीनवर दिसलं, कारण मी रोज तेच बघते. मग कळा यायची औषधं, रात्रभर लेबर रूम, नॉर्मल डिलिव्हरी. तिच्या मनगटाला पट्टी बांधली होती, त्यावर 'बेबी ऑफ' आणि पुढे माझं नाव. केस भरपूर होते, नखं वाढलेली होती, उजव्या कानाची पाळी थोडी दुमडलेली होती अगदी माझ्या नवऱ्यासारखी. नंतर सगळे रिपोर्ट केले, वार तपासायला पाठवली, कारण काही सापडलं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार 2021 साली जगभरात साधारण 19 लाख बाळं 28 आठवड्यांनंतर अशी मृत जन्मली. एवढ्या आया आहेत, आणि तरी आपल्याकडे ह्यावर बोलायला कोणाकडे काही नसतं, जे असतं ते टोचणारं असतं.

तिला त्याच दिवशी गावाकडे नेऊन दफन केलं, नवरा, सासरे आणि दीर गेले. मी हॉस्पिटलमध्ये होते, आणि नसते तरी बाळंतिणीला कब्रस्तानात कोण नेतं. बाप्तिस्मा झालेला नव्हता म्हणून दफनाची उपासना झाली नाही, फोनवर छोटी प्रार्थना झाली तेवढीच. तिसऱ्या दिवशी मला दूध आलं. डॉक्टरांनी गोळी दिली, सासूबाईंनी ओढणीने घट्ट बांधलं, आणि घरात ह्या गोष्टीवर कोणी काही बोललं नाही, जणू काही झालंच नाही.

मग भेटायला लोक यायला लागले. देवाने दिलं देवाने नेलं. देवाला आपल्या बागेत फूल हवं होतं. वय आहे अजून, दुसरं होईल. एक मावशी तर म्हणाल्या पोटुशी असताना नाइट ड्युट्या करायच्या कशाला. माणसं वाईट नव्हती हो, त्यातल्याच एकींनी मला महिनाभर डबा पाठवला. पण प्रत्येक जण घाईत होता की मी लवकरात लवकर 'प्रभूची इच्छा' म्हणून डोळे पुसावेत. मी तसं म्हणायचेही, आणि ते लोक समाधानाने घरी जायचे.

आमचे पाळक साहेबही आले आणि त्यांनी बायबलमधलं 2 शमुवेल 12 वाचलं, दावीद राजाचं बाळ जातं आणि तो उठून अंघोळ करून जेवायला बसतो तो भाग, मी त्याच्याकडे जाईन पण तो माझ्याकडे परत येणार नाही. त्यांच्या मनात सांत्वनच होतं, ह्यात मला शंका नाही. पण तो अध्याय ज्यांना पूर्ण माहितीय त्यांना माहितीय की दाविदाचं बाळ दाविदाच्या पापामुळे गेलं असं तिथे लिहिलंय. ते गेल्यावर मी रात्रभर माझं पाप शोधत बसले. लग्नाआधीचं, कॉलेजमधलं, आईला उलट बोललेलं, सगळं.

त्यानंतर ओळखीतल्या एकींनी एका हीलिंग मीटिंगला नेलं. तिथे मोठ्या आवाजात गाणी, मग एकेकाला पुढे बोलावून प्रार्थना, माझ्या पोटावर हात ठेवून सांगितलं की तुमच्या घराण्यात पूर्वजांचा शाप आहे, तो तोडावा लागेल, उपास करा आणि पुन्हा या. मी उपास केले. ओली बाळंतीण असताना, रक्त जात असताना. आज नर्स म्हणून विचार केला तर अंगावर काटा येतो की तिथे कोणीही विचारलं नाही की बाई तुझी डिलिव्हरी कधी झाली.

सुट्टीचंही सांगते कारण हे बऱ्याच जणींना माहीत नसतं. मी जिथे काम करते तिथे एचआरने सांगितलं की बाळ नाही म्हणजे मॅटर्निटी लीव्ह नाही, गर्भपाताची सहा आठवडे मिळतील. कायदा तसा नाहीये. मॅटर्निटी बेनिफिट अॅक्ट 1961 मध्ये मृत जन्मलेलं बाळसुद्धा बाळच धरलं होतं (नोव्हेंबर 2025 पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावलाय, तिथेही तसंच आहे), आणि गर्भपात म्हणजे 26 व्या आठवड्यापर्यंतचा. त्यापुढे झाली ती डिलिव्हरी, आणि 2017 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांच्या वेळी 26 आठवडे पगारी रजा मिळते. मला हे पुढे ज्यांच्याकडे गेले त्या काउन्सेलर ताईंनीच सांगितलं, अर्ज कसा लिहायचा तेही. केंद्र सरकारच्या नोकरीत असलेल्यांसाठी 2022 मध्ये अशा वेळी 60 दिवसांच्या विशेष रजेचा वेगळा आदेश निघालाय, तोही बघून ठेवा.

तर काउन्सेलर ताई. माझी एक मैत्रीण आधी वेल्लोरच्या सीएमसीमध्ये (ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलमध्ये) स्टाफ नर्स होती, तिथे पेशंटजवळ येऊन बसणारे चॅप्लेन, म्हणजे हॉस्पिटलचे पाळक, असतात, तिने ते काम जवळून बघितलेलं. तिने चौकशी करून पुण्यातल्या ह्या ताईंचं नाव काढलं. ताईंचं मानसशास्त्रात एमए, मग पास्टरल काउन्सेलिंगचं, म्हणजे श्रद्धेला धरून केलेल्या काउन्सेलिंगचं, वेगळं ट्रेनिंग. त्यांनीच एकदा सांगितलं की पेशंटच्या उशाशी बसून शिकायची ही पद्धत अमेरिकेत 1925 साली अँटन बॉइसन नावाच्या पाळकाने सुरू केली आणि हा माणूस स्वतः मनोरुग्णालयात पेशंट म्हणून राहून आलेला होता. मला ते ऐकून फार आधार वाटला, की ज्याने हे काम उभं केलं तो स्वतः त्या कॉटवर झोपलेला होता.

खोली साधी, दोन खुर्च्या, टेबलावर पाण्याचा जग, टिश्यूचा डबा, मराठी बायबल. पहिल्यांदा एक फॉर्म भरून घेतला. इथे बोललेलं बाहेर जाणार नाही, पाळकांना नाही, नवऱ्याला नाही, सासरच्यांना नाही, फक्त जिवाला धोका असेल किंवा लहान मुलावर अत्याचाराची गोष्ट असेल तर मात्र ते गुप्त ठेवता येणार नाही, हे आधीच स्पष्ट लिहिलेलं. आणि एक प्रश्न होता ज्याची मी अपेक्षाच केली नव्हती, सेशनमध्ये प्रार्थना हवी का? हो, नाही, आत्ता नको. मी 'आत्ता नको' वर खूण केली आणि वर बघितलं, मला वाटलं आता समजावतील. त्या म्हणाल्या ठीक आहे, हवी वाटेल तेव्हा तू सांग.

मग त्यांनी विचारलं, "दूध कधी थांबलं?"

एवढ्या सगळ्या लोकांमध्ये हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता. मी रडायला लागले आणि ते पूर्ण सेशन रडण्यातच गेलं, मध्ये मध्ये त्या झोप किती लागते, जेवतेस का, टाके दुखतात का, रक्त जाणं थांबलं का असलं विचारत होत्या. निघताना एलीया संदेष्ट्याचं सांगितलं, 1 राजे 19 मधलं. तो रतामाच्या झुडपाखाली बसून देवा मला मरू दे म्हणतो, तेव्हा देवदूत त्याला काही शिकवत नाही, भाकर आणि पाणी देतो आणि झोपू देतो, पुन्हा उठवून पुन्हा खायला घालतो, कारण वाट लांबची आहे. बोलणं त्याच्यानंतर. तर आत्ता तू जेव आणि झोप, बाकीचं आपण नंतर बघू. मी लहानपणापासून ती गोष्ट संडे स्कूलमध्ये ऐकलेली, त्याच्या प्रार्थनेने कर्मेल डोंगरावर आकाशातून अग्नी पडला ती बाजू सगळे सांगतात, झुडपाखालची बाजू कोणी सांगत नाही.

पुढच्या भेटीत त्यांनी दहा प्रश्नांचा एक कागद भरून घेतला, एडिनबरो स्केल, बाळंतपणानंतरच्या डिप्रेशनसाठी वापरतात, मी स्वतः वॉर्डात बाकीच्यांकडून भरून घेतलेला आहे. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करायचा विचार येतो का असा असतो. मी खरं उत्तर लिहिलं. ताईंनी तिथेच पेन खाली ठेवलं, शांतपणे सगळं विचारलं, नवऱ्याला माझ्या परवानगीने फोन केला आणि त्याच आठवड्यात सायकियाट्रिस्टची अपॉइंटमेंट घेऊन दिली. मला हे ठळकपणे सांगायचंय, कारण चांगल्या ख्रिस्ती काउन्सेलरची माझ्या मते हीच पहिली परीक्षा, तो तुम्हाला डॉक्टरकडे पाठवतो की नाही. सरट्रालीन, डिप्रेशनची गोळी, सुरू झाली. पहिले काही आठवडे फक्त मळमळ, फरक हळूहळू पडतो, घाबरून बंद करू नका.

गोळ्यांवरून मंडळीत कुजबूज झालीच, विश्वास कमी पडला म्हणून गोळ्या. ताईंनी मला 2 राजे 20 उघडून दाखवलं. हिज्कीया राजा मरणाला टेकलेला, तो प्रार्थना करतो, देव म्हणतो मी तुला बरं करतो, आणि त्यानंतर यशया संदेष्टा काय करतो तर अंजिराची ढेप आणायला सांगतो आणि ती गळवावर बांधतात. देवाचं वचन मिळालेलं होतं तरी अंजीर लागलंच. हे मी नंतर सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग स्वतःच माझ्या गोळीची वेळ लक्षात ठेवायला लागल्या.

आता जे खरं काम झालं ते सांगते. ताईंनी मला स्तोत्रसंहिता, बायबलमधलं स्तोत्रांचं पुस्तक, वाचायला दिली पण आपण नेहमी वाचतो ती स्तोत्रं नाहीत. 23, 91, 121 ही धीर देणारी बाजूला ठेवायला सांगितली. त्याऐवजी 13 वं, 42 वं, 77 वं आणि 88 वं. दीडशे स्तोत्रांपैकी साधारण एक तृतीयांश विलापाची आहेत, रडण्याची, देवाला जाब विचारण्याची, कुठवर विसरणार आहेस असं तोंडावर विचारणारी. आम्ही चर्चमध्ये ती गात नाही. त्यांचा एक साचा असतो, आधी देवाला हाक, मग तक्रार, मग मागणं, आणि शेवटी तरीही माझा तुझ्यावर भरवसा आहे असं. ताई म्हणाल्या ह्याच साच्यात तू तुझं लिही, आपल्या बोलण्यातल्या भाषेत.

मी लिहिलं. हाक लिहिली, तक्रार तर पानंच्या पानं झाली, मी काय काय लिहिलं ते इथे टाकत नाही, काही वाक्यं अशी होती की लिहिताना हात थरथरत होता, वाटत होतं आता काहीतरी होईल. मागणं लिहिलं, तिला परत दे, जे होणार नाही हे माहीत असून लिहिलं. आणि शेवटच्या भरवशाच्या भागाला आले तर एक ओळ उतरेना. खोटं लिहायचं नव्हतं. वही तशीच घेऊन गेले आणि म्हटलं ताई शेवट राहिलाय. त्यांनी 88 वं स्तोत्र पुन्हा काढलं, म्हणाल्या ह्याचा शेवट वाच. ते अंधारातच संपतं. शेवटी आशा नाही, स्तुती नाही, आप्तमित्र दूर गेले आणि अंधार. आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कोणी काढून टाकलं नाही, कोणी खाली गोड ओळ जोडली नाही. "तुझाही शेवट राहू दे तसाच. देवाशी बोलतेयस ना, बोलणं सोडलं नाहीस, तोच विश्वास आहे."

माझ्यासाठी सगळं ह्या एका जागेवर फिरलं. तोवर मला वाटायचं की विश्वासाने बरं होणं म्हणजे देवाचे आभार मानण्यापर्यंत पोचणं. आता कळलं की देवाला तोंडावर बोलणं हीसुद्धा प्रार्थनाच आहे, आणि मी ती केली तेव्हापासून मला पुन्हा प्रार्थना करता यायला लागली. त्या दिवशी निघताना मी स्वतःहून म्हटलं ताई आज प्रार्थना करा.

मग पापाचा प्रश्न. त्यांनी मला वाद घालून पटवलं नाही. योहान 9 मधला जन्मापासूनचा आंधळा आणि शिष्यांचा प्रश्न, कोणी पाप केलं, ह्याने की ह्याच्या आईबापांनी, आणि येशूचं उत्तर, ह्यानेही नाही आणि ह्याच्या आईबापांनीही नाही. पूर्वजांच्या शापाबद्दल यहेज्केल 18, बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि पोरांचे दात आंबले ही म्हण इथून पुढे चालणार नाही असं तिथे देव स्वतः सांगतो. पण वचनं वाचून झाल्यावर त्यांनी मला नर्स म्हणूनही बसवलं, माझीच केस दुसऱ्या कोणा पेशंटची समजून फाइल वाचायला लावली, बीपी, शुगर, सोनोग्राफीच्या तारखा, वजन, आणि विचारलं सिस्टर ह्या बाईची चूक कुठे दिसते? फाइलमध्ये चूक नव्हती. मी ते मोठ्याने बोलले आणि त्यानंतर नाइट ड्युटीवाल्या वाक्याची धार गेली.

एक गोष्ट मी आयुष्यात कधी नीट वाचली नव्हती, 2 शमुवेल 21 मधली रिस्पा. तिच्या दोन मुलांना मारून डोंगरावर टांगून ठेवतात, आणि ही बाई खडकावर गोणपाट अंथरून तिथेच बसते, कापणीच्या सुरुवातीपासून पाऊस पडेपर्यंत, दिवसा पक्ष्यांना आणि रात्री रानातल्या जनावरांना प्रेतांजवळ येऊ देत नाही. ती एक शब्द बोलत नाही पूर्ण अध्यायात. आणि तिची ती बैठक राजाच्या कानावर जाते आणि मग दावीद ती हाडं गोळा करून नीट दफन करतो. म्हणजे तिला कोणी 'सावर आता' म्हणून उठवलं नाही, उलट तिच्या शोकामुळे राजाला उठावं लागलं. मी हे वाचून ताईंना म्हटलं मला माझ्या मुलीची कबर बघायचीय.

त्याआधी एक सेशन नवऱ्यासोबत झालं. तो यायला तयार नव्हता, मी ठीक आहे, हिचं बघा असं त्याचं. तो खरंच कधी रडला नव्हता, लगेच कामावर गेला होता, आणि मला त्याचा मनातून राग होता. ताईंनी त्याला एवढंच विचारलं की त्या दिवशी पुण्याहून गावाला कसे गेलात, सगळं सांगा. आणि तो सांगायला लागला. दीर गाडी चालवत होता, पेटी नवऱ्याच्या मांडीवर. रांजणगावनंतर रस्त्याचं काम चाललेलं, गाडी आदळायला लागली तसं त्याने दीराला हळू चालव म्हणून सांगितलं, पेटीखाली स्वतःचा शर्ट काढून घातला आणि तसाच बनियनवर बसून राहिला, आणि शिरूरचा पूल ओलांडताना तो तिच्याशी बोलत होता, ही बघ घोडनदी, आता आपला जिल्हा लागला. तो तिला आम्ही ठरवलेल्या नावाने हाक मारत होता. ते नाव त्यानंतर आमच्या घरात कोणी उच्चारलं नव्हतं, मला वाटलेलं तो विसरला. आम्ही दोघं तिथे त्या खुर्च्यांवर बसून पहिल्यांदा एकत्र रडलो. नाव इथे लिहीत नाही, ते आमच्याजवळच राहू दे.

बाप्तिस्म्याचं शल्य मात्र राहिलं होतं. ताईंनी त्याचा इतिहास सांगितला, तो मला उपयोगी पडला कारण तोवर मी ते देवाचंच बोलणं समजत होते. इंग्लंडच्या चर्चच्या 1662 च्या प्रार्थनापुस्तकात दफनविधीच्या वर सूचनाच छापलेली आहे की बाप्तिस्मा न झालेल्यांसाठी हा विधी वापरू नये. म्हणजे ही माणसांनी घातलेली सूचना आहे. आणि त्याच्याही आधी, 1542 साली, प्रोटेस्टंट पंथाची सुरुवात करणाऱ्या मार्टिन लूथरने अशाच आयांसाठी एक छोटं सांत्वनपर लिखाण केलं होतं, त्यात तो म्हणतो की ख्रिस्ती आईने आपल्या बाळासाठी मनातल्या मनात केलेली तळमळ, उसासे, शब्दही न फुटलेले, देव ते प्रार्थना म्हणूनच धरतो. त्याच साली त्याची स्वतःची मुलगी मॅग्डालेना वारली. रोमन कॅथलिकांमध्येही 2007 साली व्हॅटिकनच्या धर्मशास्त्र आयोगाने अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम आधार आहे असं मांडलंय. मी ह्या विषयावर पाळकांशी वाद घालायला गेले नाही, पण मला स्वतःला उत्तर मिळालं, आठ महिने मी पोटावर हात ठेवून तिच्यासाठी जे बोलले ते सगळं ऐकलं गेलेलं होतं.

ईस्टरच्या आधी आमच्याकडे कबरींना चुना लावतात, झाडलोट करतात, पहाटेच्या उपासनेसाठी. त्या आठवड्यात आम्ही गेलो. पाळक साहेबांना मी स्वतः फोन केला होता, आणि 2 शमुवेल 12 वाचल्यानंतर माझी रात्र कशी गेली तेही सांगितलं, ताईंसोबत त्या बोलण्याची तयारी करून मगच. क्षमेच्या बाबतीत ताईंनी कधी घाई केली नाही, त्यांचं म्हणणं की क्षमा करणं म्हणजे दुखलं नव्हतं असं म्हणणं नाही, आधी काय दुखलं ते पूर्ण बोल, मग क्षमा कशाची करायची ते तरी कळेल. पाळक साहेबांनी पूर्ण ऐकून घेतलं, मध्ये बोलले नाहीत, म्हणाले मी ह्या बाजूने कधी विचार केला नव्हता. आणि ते कब्रस्तानात आले. कबर म्हणजे कडेच्या बाभळीखाली विटांची एक छोटी ओळ. सासऱ्यांनी चुन्याची बादली आणली होती, ब्रश माझ्या हातात दिला. पाळक साहेबांनी तिचं नाव घेऊन प्रार्थना केली, पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. सासूबाई पहिल्यांदाच तिला नात म्हणून मोठ्याने रडल्या. ऊन खूप होतं, आम्ही बराच वेळ थांबलो, मग घरी जाऊन सगळे जेवलो.

आता कशी आहे, तर गोळीचा डोस डॉक्टरांनी कमी केलाय, सेशन अधूनमधून चालू आहेत, लेबर रूममध्ये ड्युटी अजून घेत नाही, मेडिकल वॉर्डला बदली मागून घेतलीय. काही दिवस अजून खूप वाईट जातात, विशेषतः तिच्या बरोबरीच्या बाळांचे बारसे, बाप्तिस्मे असले की. 'का' ह्याचं उत्तर मिळालेलं नाही आणि ताईंनी ते देण्याचा प्रयत्नही केला नाही.

कोणाला जायचं असेल तर आधी विचारून घ्या. आपल्याकडे आज कोणीही ख्रिस्ती काउन्सेलर अशी पाटी लावू शकतो, त्यामुळे शिक्षण काय, कोणाच्या देखरेखीखाली काम करता, बोललेलं गुप्त राहतं का, गरज पडली तर सायकियाट्रिस्टकडे पाठवता का, हे विचारायला लाजू नका, चांगल्या माणसाला ह्याचा राग येत नाही. जो गोळ्या बंद करा म्हणेल, शाप सांगेल, पैसे घेऊन अभिषेकाचं तेल देईल किंवा तुमची गोष्ट दुसऱ्याला साक्ष (देवाने काय केलं ह्याचा दाखला) म्हणून सांगेल, तिथून उठा. रात्री-अपरात्री जीव नकोसा वाटला तर सरकारची टेलि मानस हेल्पलाइन आहे, 14416, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आणि नवऱ्यांनो, तुम्हीही एकदा तरी सोबत जाऊन बसा.

आमच्या मंडळीत महिला मंडळाने आता ठरवलंय की मृतांच्या स्मरणाच्या उपासनेत अशा बाळांची नावंही घ्यायची, ज्यांना द्यायची असतील त्यांनी चिठ्ठी द्यायची. सेक्रेटरी मीच आहे, चिठ्ठ्या माझ्याकडे येतायत, काही तर चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या बाळांच्या आहेत.